नाथसागराचा काठ कुणाचा?

सहल, तंबू, तळ्याकाठचा मुक्काम असे शब्द निघाले की आंबेडकरी चळवळीतील अनेक ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. इथे पोरांच्या हाताला काम नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, गावोगावचे अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्हाला पाण्याकाठी तंबू ठोकायचे सुचते कसे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, ज्या चळवळीचा पहिला मोठा संग्राम एका तळ्याच्या काठावर लढला गेला, त्या चळवळीने तरी तळ्याचा काठ हा क्षुल्लक विषय मानू नये.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर पैठण आहे. तिथे गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, आणि भिंतीमागे नजर पोहोचणार नाही एवढे पाणी. या जलाशयालाच आपण नाथसागर म्हणतो. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले. १९८६ साली जलाशय आणि त्याचा परिसर मिळून सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात इथे रोहित येतात, करकोचे येतात, नाना जातींची बदके येतात. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात एवढे पाणी आणि एवढे आकाश एकत्र पाहायला मिळावे, हे या भागाचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

पण भाग्य कुणाच्या वाट्याला आले, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने विचारलाच पाहिजे. पाणी साठले तेव्हा पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतील अनेक गावे उठली. ज्यांच्या नावावर सातबारा होता, त्यांना थोडाफार का होईना मोबदला मिळाला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, जे दुसऱ्याच्या शेतात राबत होते, गावकुसाबाहेर राहत होते, त्यांचे काय बुडाले हे कोणत्या कागदावर लिहिले गेले? जमीन नसलेल्या माणसाची जमीन बुडत नाही, एवढाच सरकारी हिशेब! त्याची मजुरी बुडते, त्याची वस्ती बुडते, त्याचे शेजारपाजार बुडते. त्याला मोजमाप नसते.

आज या पाण्याच्या कडेने कोण जगतो? पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन कसणारे प्रकल्पग्रस्त आणि भूमिहीन जगतात. जाळे टाकणारे कहार, भोई समाजाचे लोक जगतात. या जलाशयावर सरकारी मालकीच्या वीज कंपनीचा तरंगता सौरऊर्जा प्रकल्प येऊ घातला, तेव्हा कहार समाजाच्या पंचायत समितीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. सूर्याच्या उजेडापासून वीज करण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्याची चूल या पाण्यावर पेटते त्याला न्यायालयापर्यंत धावावे लागते, आणि काठावरच्या निर्णयात त्याची खुर्ची कुठेच नसते, ही गोष्ट आम्हाला खटकते.

आता या काठावर पर्यटनाची पाळी आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले, २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणि साहसी पर्यटन धोरण आणले, २०२४ साली नवे पर्यटन धोरण जाहीर केले. पुण्याजवळ पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा कशा उभ्या राहिल्या, हे सगळ्यांनी पाहिले आहे. शहरातला नोकरदार शनिवारी गाडी काढतो, पाण्याकाठी तंबूत एक रात्र काढतो आणि पैसे मोजून परत जातो. यात वाईट काही नाही. पण कृषी पर्यटन करायला मुळात शेती लागते. तंबू ठोकायला जागा लागते. कॅराव्हॅनला तर मोटारच लागते. ज्याच्याकडे यातले काहीही नाही, त्याला या धोरणांत एकच जागा शिल्लक राहते. ती म्हणजे भांडी घासण्याची आणि रात्रीचा पहारा देण्याची. नाथसागराच्या काठावर उद्या असेच होणार असेल, तर आज बोलले पाहिजे. उद्या कुंपण पडल्यावर बोलून उपयोग नाही.

आमचे काही मित्र म्हणतील, पूर्वी पाणी विटाळायचे, आता तसे राहिले नाही. आता फक्त पैशाचा प्रश्न आहे. या मित्रांना आम्ही दोन प्रसंगांची आठवण करून देऊ इच्छितो.

पहिला प्रसंग याच जिल्ह्यातला आहे आणि तो सहलीचाच आहे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. सुमारे ३० स्त्री-पुरुष, एक बस आणि एक मोटार. नाशिकहून येवलामार्गे ते निजामाच्या हद्दीत आले. सहलीचा कार्यक्रम त्यांनी मुद्दामच जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला आडगावी काय सोसावे लागते हे त्यांना ठाऊक होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा होता. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर काठोकाठ भरलेले छोटे तळे होते, भोवती दगडी फरसबंदी होती. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी तिथे हातपाय धुतले. इतक्यात एक म्हातारे गृहस्थ तळे बाटवल्याचा आरडाओरडा करीत धावत आले. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. तो रमजानचा महिना होता आणि ओरडणारे मुसलमान होते. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असा सवाल बाबासाहेबांनी त्यांना केला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला!

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये नोंदवून ठेवला आहे. तो एखाद्या धर्माच्या माणसांवर बोट रोखण्यासाठी आम्ही सांगत नाही. जातीने या देशातल्या पाण्यात किती खोल मुळे धरली होती, ती धर्माच्या सीमासुद्धा कशी ओलांडून गेली होती, हे समजण्यासाठी सांगतो. कोलंबिया विद्यापीठाचा आणि लंडनचा पदवीधर, गोलमेज परिषदेत जगापुढे बोललेला माणूस आपल्या माणसांबरोबर एक दिवस मौजेने काढायला निघतो, आणि त्याच्यामागे बंदूकवाला चालतो. बाबासाहेब त्या दिवशी सभेला निघाले नव्हते, सत्याग्रहाला निघाले नव्हते. ते सहलीला निघाले होते. म्हणजे जातीने आपली मजुरी हिरावली, शिक्षण हिरावले, तशी सहलसुद्धा हिरावली होती, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा प्रसंग फार जुना नाही. जून २०१८. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील वाकडी गाव. उन्हाळ्याच्या दिवसांत मातंग समाजाची मुले एका विहिरीत पोहली. त्याबद्दल त्यांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि त्या मारहाणीचे चित्रण देशभर फिरले. मुलांचा गुन्हा कोणता? त्यांनी चोरी केली नव्हती, शेत तुडवले नव्हते. उकाड्यात पोरे जे करतात तेच त्यांनी केले होते. पाणी पिणे ही गरज आहे असे म्हणून कुणी कदाचित दयेने ओंजळीत पाणी ओतीलही. पण पाण्यात डुंबणे, पाण्याकाठी हसणे, ही मोकळ्या माणसाची खूण आहे. आणि तीच नेमकी जातवाद्यांना सहन होत नाही.

म्हणूनच १९२७ चा महाडचा संग्राम नीट समजून घेतला पाहिजे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा केवळ तहान भागवणे हा हेतू नव्हता, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ते तळ्यावर गेले होते. त्यानंतर दहा वर्षे खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

तोच लढा बाबासाहेबांनी पुढे भारतीय संविधानात नेऊन बसवला. अनुच्छेद १५ चे दुसरे खंड आपल्यापैकी किती जणांनी लक्षपूर्वक वाचले आहे? त्यात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत. पण तेवढेच नाही. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. शासनाच्या पैशातून राखलेल्या, जनतेच्या वापरासाठी दिलेल्या जागाही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने तिथे कुणालाही अडवता येणार नाही. करमणूक हा शब्द संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आला आहे, हे चैनीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी विसरू नये.

हा लढा एकट्या भारतातला नाही. अमेरिकेत शिकागो शहराला लागून मिशिगन सरोवर आहे. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर पोहत होता. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, पण गोऱ्यांनी मनात एक रेघ ओढून ठेवली होती. तराफा त्या रेघेपलीकडे वाहत गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली; त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती. पुढे १९३० च्या दशकात टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणे बांधली गेली, त्यांच्या काठावर सरकारने उद्याने केली. तिथेही चॅटनूगाजवळच्या चिकामॉगा जलाशयावर कृष्णवर्णीयांसाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावाचे वेगळे उद्यान राखण्यात आले. धरण एक, पाणी एक, काठ मात्र दोन! १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागांमधला हा भेद बेकायदा ठरवला. आज त्या उद्यानात कुणीही जाऊ शकतो. नाव मात्र त्यांनी तेच ठेवले आहे, आणि ते बरे केले. तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. ज्यांच्याकडून आपण लढ्याचे नाव घेतले, त्यांनी सरोवराचा काठसुद्धा लढून मिळवला, हेही आपण त्यांच्याकडून घ्यावे.

याच टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर भारतात दामोदर खोऱ्याची योजना झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते आणि पाटबंधारे यांची जबाबदारी बाबासाहेबांकडे होती. नदीवर धरण बांधायचे ते एका हेतूने नव्हे, बहुउद्देशाने, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक या सर्वांतून गरीब माणसाचे जगणे सुधारले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. त्याच काळात, १९४५ साली कारखान्यातील कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क देणारी दुरुस्ती झाली आणि १९४६ साली कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. बाबासाहेबांना कामगाराच्या विश्रांतीची एवढी काळजी कशासाठी होती? गांधीवादावर टीका करताना त्यांनी याचे उत्तर दिले आहे. माणसाला फुरसत मिळाली तरच तो जनावराच्या जिण्यातून वर येतो, विचार करतो, संस्कृती घडवतो. यंत्राची थोरवी हीच की ते अशी फुरसत देऊ शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. या देशात फुरसत आजवर मूठभरांनी भोगली आणि कष्ट बहुजनांनी उपसले. फुरसतीचे समान वाटप हासुद्धा आंबेडकरी कार्यक्रमाचा भाग आहे. ज्यांना तो परका वाटतो, त्यांनी बाबासाहेबांचे मजूरमंत्रिपद पुन्हा अभ्यासावे.

आता सर्वांत जड आक्षेप. उघड्यावर झोपणे आमच्या लोकांना नवे आहे काय? बीड, जालना, पैठणच्या शिवारातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने कोपीत राहतात. भटक्यांची अनेक बिऱ्हाडे आजही पालात आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये डांबले, ते विमुक्त १९५२ साली मोकळे झाले. अशा समाजाला तंबूत राहण्याचे कौतुक कोण सांगतो, असे कुणी विचारील. आम्ही या आक्षेपापुढे नम्र आहोत. परंतु फरक कापडात नाही, फरक मर्जीत आहे. कोपीतल्या माणसाला पहाटे मुकादमाची हाक उठवते, तंबूतल्या माणसाला पक्ष्यांचा आवाज उठवतो. एकाला परत जायला पक्के घर आहे, दुसऱ्याचे घरच पाठीवर आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलीने शाळेच्या सोबतिणींबरोबर, बाईंच्या देखरेखीखाली, पोटभर जेवून, नाथसागराच्या काठी दोन रात्री काढल्या आणि दुर्बिणीतून रोहित पाहिले, तर ती कोपीचे जिणे विसरणार नाही. उलट ते जिणे किती अन्यायाचे आहे, हे तिला अधिक कळेल. जिला कधी विसावा माहीतच नाही, तिला आपल्यावर लादलेल्या कष्टाचे मोजमाप कसे कळणार?

याच्याशीच जोडलेला एक जिवाभावाचा प्रश्न आहे. आपल्या मुलांना पोहता येत नाही. खेड्यात पोरे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. पण विहीर कुणाची? ज्याची जमीन त्याची. ज्यांना विहिरीच्या काठावर उभे राहू दिले नाही, त्यांची पोरे पोहायला कुठे शिकणार? शहरात तलाव आहेत, पण त्यांची फी आहे. मग ही पोरे उन्हाळ्यात शेततळ्यात, खदानीत, कालव्यात उतरतात आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, हे कुणी त्यांना सांगितलेले नसते. या बातम्यांकडे आपण अपघात म्हणून पाहतो. आम्हाला त्यात पाणवठ्याच्या बंदीचा जुना इतिहास दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून दूर ठेवलेला समाज पाण्यात उतरताना शिकवणाऱ्याशिवाय उतरतो, आणि बुडतो.

धम्माच्या दृष्टीनेही या विषयाकडे पाहिले पाहिजे. तथागताचे जीवन वनात गेले. लुंबिनी वनात जन्म, नदीकाठच्या वृक्षाखाली बोधी, वेळुवन आणि जेतवनातले वर्षावास, कुसिनाऱ्याच्या शालवनात महापरिनिर्वाण. बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले, तेव्हा त्या परिसरालाही नागसेनवन असे नाव दिले. 'वन' या शब्दात विद्या आणि झाडे, दोन्ही एकत्र येतात. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, विश्रामगृहे बांधली आणि ते शिलास्तंभावर कोरून ठेवले. वाटसरूचा विसावा ही राज्याची जबाबदारी आहे, असे बावीसशे वर्षांपूर्वी मानणारा राजा आपल्या परंपरेत आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, गांधिक कुळातील मितदेवाने स्तंभाचे दान दिल्याचा लेख आहे. सुगंधी द्रव्ये विकणारा पैठणचा एक व्यापारी डोंगरातल्या, धबधब्याच्या काठावरच्या विहारासाठी दान देतो. निसर्गात जाऊन शांत बसणे ही चाल कुणा परक्याकडून आलेली नाही. ती या मातीतली, बौद्धांचीच आहे.

त्याच पैठणला दुसरीही एक आठवण आहे. तापलेल्या वाळवंटात चुकलेल्या महाराच्या मुलाला संत एकनाथांनी कडेवर घेतले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ज्या काळात सावलीचाही विटाळ होता, त्या काळात हे करुणेचे कृत्य होते, हे आम्ही मानतो. पण त्या मुलाच्या बापाला नदीच्या घाटावर बसण्याचा हक्क होता काय, हे आख्यायिका सांगत नाही. कडेवर घेणारी दया एका माणसाची असते, एका दिवसाची असते. काठावर बसण्याचा हक्क सर्वांचा असतो आणि रोजचा असतो. बाबासाहेबांनी आपल्याला दया मागायला शिकवले नाही, हक्क घ्यायला शिकवले.

तो हक्क नाथसागरावर कसा घ्यायचा? आमच्या मते मागण्या साध्या आणि नेमक्या असाव्यात. अभयारण्याच्या सीमेबाहेर, शासनाच्या मालकीच्या जागेवर, एक सार्वजनिक तंबूतळ उभारावा. स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी, दिवे आणि स्त्रियांसाठी सुरक्षित व्यवस्था ही त्याची पहिली अट असावी. तो चालवण्याचे काम ठेकेदाराला न देता प्रकल्पग्रस्त, मच्छीमार आणि भूमिहीन यांच्या सहकारी संस्थेला आणि महिला बचत गटांना द्यावे. भाडे मजुरालाही परवडेल असे असावे आणि ते दारावर लिहिलेले असावे; त्याच्याच शेजारी अनुच्छेद १५ चे दुसरे खंड ठळक मराठीत लावावे. कहार आणि भोई तरुणांना जीवरक्षक म्हणून पगारावर नेमावे. पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे? वनविभागाने काठावरच्या गावांतील मुलामुलींना पक्षी ओळखण्याचे शिक्षण देऊन वाटाडे म्हणून त्यांची नोंद करावी. आणि समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहातील, निवासी शाळेतील विद्यार्थ्याला वर्षातून दोन रात्री इथे शासनाच्या खर्चाने आणावे, जॅकेट घालून पोहायला शिकवावे.

काही काम सरकारची वाट न पाहता आपणही करू शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे श्रामणेर शिबिरे होतात, बालसंस्कार शिबिरे होतात, समता सैनिक दलाची प्रशिक्षणे होतात. विहाराच्या सभागृहातले दोन दिवस पाण्याकाठी, झाडाखाली का नेऊ नयेत? पहाटे वंदना, मग पक्षीनिरीक्षण, दुपारी महाड आणि दौलताबादचा इतिहास, संध्याकाळी पोहण्याचा वर्ग. आपल्या मातामाऊलींना मात्र तिथेही चुलीपुढे बसवू नये. स्वयंपाकाची पाळी पुरुषांनी घ्यावी. रमाईच्या लेकींना आयुष्यात एकदा तरी आयते ताट मिळाले तर धम्माला काही बाधा येत नाही.

आणि शिस्त आपली आपण पाळावी. अभयारण्य हे पक्ष्यांचे घर आहे. पाहुण्याने घरधन्याला हाकलायचे नसते. डीजे नको, दारू नको, प्लास्टिक नको, पाणवनस्पतीत आग नको. प्राणिमात्राला इजा करणार नाही, मद्यपान करणार नाही, अशी शीले आपण रोज म्हणतो. ती पाळण्याची खरी परीक्षा विहारात नाही, कुणी पाहत नसलेल्या काठावर असते. पाण्यावर हक्क सांगणाऱ्या समाजाने ते पाणी सर्वांत स्वच्छ ठेवले, तर त्या हक्काला तोंड फोडायला कुणाची हिंमत होणार नाही.

राहिला प्रश्न सुरुवातीचा. नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, अत्याचार. त्या लढ्यांतला एक पाऊलही मागे घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. पण लढणारा माणूस थकतो. सतत मोर्चा, सतत निवेदन, सतत शोकसभा, एवढ्यावरच ज्या चळवळीची मुले वाढतात, ती मुले एक तर चिडतात, नाही तर सोडून जातात. लढा कशासाठी, याचे उत्तर त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. ते उत्तर म्हणजे निर्भय जगणे. आपली पोरगी भर दुपारी नाथसागराच्या पाण्यात हात मारते आहे, काठावर तिची आजी झाडाखाली निवांत बसली आहे, आणि त्यांना कुणी नाव-गाव-जात विचारत नाही, यापेक्षा वेगळे निर्भय जगणे कोणते?

१९३४ साली दौलताबादच्या तळ्यापासून किल्ल्याच्या माथ्यापर्यंत बाबासाहेबांच्या मागे एक बंदूक चालत होती. ती बंदूक आज नाही. तिच्या जागी तिकीट, कुंपण आणि ठेका येऊ पाहत आहे. ती ओळखायला आपण उशीर करू नये. येत्या हिवाळ्यात पक्षी आपली वाट न चुकता नाथसागरावर येतील. तेव्हा काठावर आपणही असलो पाहिजे. चाकर म्हणून नव्हे, मालक म्हणून.

जयभीम!